पलतडीचा होकार

महाराष्ट्र आणि गोवा यांच्यामध्ये सरहद्द नावाची जी वस्तू आहे, ती नकाशे काढणाऱ्यांची निव्वळ समजूत आहे, असं मानणारा या पृथ्वीतलावर एकच इसम आहे आणि दैवयोगाने तो माझा व्याही आहे. "सरहद्द? खंय आसा? माका दाखवा बघू," असं ते चेकनाक्यावर उभे राहून खाकी कपड्यातल्या माणसालाच विचारतात. माझी सगळी नोकरी कचेरीत गेलेली, खाकी कपडा दिसला की मी आधी नमस्कार करतो आणि मग विचार करतो. आमच्या व्याह्यांचं तसं नाही. मासळी एक, भात एक, सोलकढी एक, इथल्या लेकी तिथे आणि तिथल्या लेकी इथे, मग मध्ये हा लोखंडी दांडा कशाला, असं त्यांचं म्हणणं. एकदा त्या नाक्यावरच्या बिचाऱ्याने "कुठून आलात?" विचारलं तर यांनी "घराकडसून" सांगितलं, आणि "चाललात कुठे?" विचारलं तर "घराक!" त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं.

व्याही वालावलीला राहतात आणि मी कुडाळला. त्यांच्या पडवीत एक रेडिओ आहे. घरात टीव्ही आहे, सुनेकडे म्हणजे माझ्या लेकीकडे मोबाईल आहे, नातवाकडे आणखी काय काय आहे. पण घराचा कारभार त्या रेडिओवर चालतो. त्याचं तोंड कायम दक्षिणेला. कोणी झाडताना जरा जरी फिरवलं तरी व्याही परसातून ओरडतात, "गोवा खंय गेला गो?" त्यावर गोव्याचं स्टेशन सोडून दुसरं काही लागलेलं मी ऐकलेलं नाही. याचं कारण विचारलं तर आधी ते आवाज स्वच्छ येतो वगैरे सांगतात. खरं कारण त्यांच्या थोरल्या बहिणीत आहे. सगळं घर तिला बाय म्हणतं. व्याह्यांची आई लवकर गेली आणि या बायने त्यांना अंगाखांद्यावर वाढवलं. पुढे तिला पेडण्याला दिली. पेडणं काही विलायतेत नाही, पण तेव्हाच्या एसटीने जायचं म्हणजे दिवस मोडायचा. बायच्या सासरी संध्याकाळी गोव्याचं स्टेशन लागतं हे कळल्यावर व्याह्यांनी आपल्या रेडिओचा काटा तिथे नेऊन ठेवला तो ठेवलाच. "ती थंय आयकता, मी हंय आयकतंय. म्हणजे एकाच पडवेत बसल्यासारख्या झाला," असं ते एकदाच मला म्हणाले आणि लगेच सुपारी कातरायला लागले.

आता एवढी वर्षं ऐकल्यावर त्या स्टेशनातली माणसं त्यांची सोयरी झाली नसती तरच नवल. कोकणी बातम्या सांगणारी बाई "नमस्कार" म्हणाली की हे पडवीतून "नमस्कार बाय, बसा" म्हणतात. माझ्या लेकीच्या लग्नाची बैठक चालली होती. मी घसा खाकरून, रात्रभर घोकलेलं वाक्य उच्चारणार, तोच व्याह्यांनी हात वर केला. "थांबा व्याह्यानू, खबरो लागल्यो." झालं! मुलीकडची पंधरा माणसं हातात चहाच्या बश्या घेऊन मडगावची पाणीटंचाई ऐकत बसली. बातम्या संपल्यावर ते प्रसन्न चेहऱ्याने वळले, "हां, चेडवाचा काय ता बोला." मी काय बोलणार होतो ते मला आजतागायत आठवलेलं नाही. लग्न मात्र तिथेच ठरलं. घरी येताना आमची ही म्हणाली, "माणूस वेडा आहे, पण परक्या बाईला बसा म्हणतो, म्हणजे आपल्या पोरीलाही म्हणेल." बायकांची गणितं वेगळी असतात, आणि हे गणित तर बरोबरच निघालं.

त्याच बातम्यांच्या बाईचा घसा एका पावसाळ्यात बसला. दोन दिवस व्याह्यांनी सोसलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी आलं, गवती चहा आणि परसातली अडुळशाची पानं यांचा काढा आटवून बाटलीत भरला आणि पणजीला जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरच्या हवाली केला. "रेडिओवाल्या बायक दी. नाव सांगूक नको, तेका समाजतला." समजणार कसं, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. बाटली पोचली की ड्रायव्हरनेच घेतली हे देवाला ठाऊक. पण चार दिवसांनी आवाज मोकळा झाला आणि व्याह्यांनी मला फोन केला. "आयकलास? आज नमस्कार जरा लांबयल्यान. ता माका!"

पण या सगळ्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांचं गाऱ्हाणं. घाटावरच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्याकडे देवासमोर उभं राहून, गावातला मानाचा माणूस मोठ्याने देवाला सगळं सांगतो, मागतो, कधी दटावतोसुद्धा, आणि त्याचं प्रत्येक वाक्य संपलं की जमलेले सगळे एका आवाजात "व्हय म्हाराजा!" म्हणतात. हा होकार नसेल तर गाऱ्हाणं पोचत नाही. वाडीच्या देवळात हा मान आमच्या व्याह्यांच्या घराण्याचा. त्यांचा आवाज असा की खाडीच्या पलीकडची माणसं हातातलं जाळं ठेवून "व्हय म्हाराजा" म्हणतात असं सांगतात, आणि मला ते खरं वाटतं. मानही ते नुसता सणाला वापरत नाहीत. नवा मिक्सर आणला, गाऱ्हाणं. मोबाईलला रेंज येईना, गाऱ्हाणं. सून स्कूटर शिकली तेव्हा असं गाऱ्हाणं घातलं, की त्यात वालावल ते कुडाळ रस्त्यावरची सगळी वळणं नावानिशी आली. होकाराला कोण हाताशी असेल तो चालतो. मासे घेऊन आलेली कोळीण टोपली खाली न ठेवता "व्हय म्हाराजा" म्हणते आणि मग भाव सांगते.

माझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन होतं तेव्हा व्याह्यांना गुडघ्यामुळे येता येईना. त्यांनी फोनवरून गाऱ्हाणं घातलं. लेकीने फोन मोठ्या आवाजावर लावला आणि कुडाळच्या त्या दवाखान्यात, मी हिरवा डगला घालून पडलेलो असताना, "बा देवा म्हाराजा, आमचे व्याही स्वभावान कडू आसत, म्हणानच पित्त झाला" असा माझा जाहीर उद्धार सुरू झाला. शरमेने मला भिंतीत शिरावंसं वाटलं. पण पहिलं वाक्य संपलं मात्र, अख्खा वॉर्ड बोलला, "व्हय म्हाराजा!" शेजारच्या खाटेवर खारेपाटणचे एक मुसलमान व्यापारी होते. तेही जोरात म्हणाले, वर "आमीन"ही म्हणाले, आणि मला म्हणाले, "तुमचो माणूस कामाचो आसा. माझाही ऑपरेशन उद्याच आसा, वायच माझा नाव घालूक सांगा." व्याह्यांनी घातलं. दोघेही बरे झालो, आणि दर आंब्याच्या मोसमात त्यांच्याकडून अजून पेटी येते. मला नाही, व्याह्यांना.

तर अशा या माणसाकडे गेल्या सालच्या माघात सिनेमा चालून आला. गोव्याची एक तरुण डायरेक्टर, मडगावची, आणि आपल्या बाजूचे कलाकार मिळून एक चित्रपट करत होते. कॅमेरे, दिवे, यंत्रं त्यांची. जागा, माणसं, होड्या आमच्या. निम्मं बोलणं कोकणीत आणि निम्मं मालवणीत. गोष्ट साधी होती. दोन राज्यांमधल्या खाडीवर या काठावरून पलतडीला होडी चालवणारा एक म्हातारा, खाडीवर पूल होतो, होडी थांबते, आणि तो एकटा काठावर उभा राहून देवाला गाऱ्हाणं घालतो. म्हातारा हवा होता आवाजवाला. सगळ्या बोटांनी एकाच घराकडे दाखवलं. व्याही मला फोनवर म्हणाले, "व्याह्यानू, अखेर गोव्याक आमची गरज पडली!" खोटं कशाला सांगू, माझीही छाती फुगली. ज्या बोलीत बोललो म्हणून शाळेत आम्ही छड्या खाल्ल्या, ती आता मोठ्या पडद्यावर जाणार, तीही कोकणीच्या बरोबरीने बसून! मी नवा सदरा घालून शूटिंग बघायला गेलो.

पहिला वाद कागदावरून झाला. गाऱ्हाणं लिहून आणलं होतं. व्याह्यांनी ते ऐकलं आणि मान हलवली. आमची कर्लीची खाडी सिनेमात सरहद्दीची खाडी म्हणून दाखवणार होते, त्याला त्यांची हरकत नव्हती. "खाडी खोटी चलात. गाराना खोटा चलाचा नाय. देवाक हाक मारल्यावर कायतरी खरा मागूक व्हया." डायरेक्टर हुशार. म्हणाली, "मामा, तुमकां जाय तें मागात." हवं ते मागायची मोकळीक मिळाली आणि व्याही काठावर जाऊन उभे राहिले. कॅमेरा सुरू झाला.

"बा देवा म्हाराजा! ह्या तीराच्या धन्या, त्या तीराच्या धन्या! आमच्या लेकी आमी पलतडी दिलाव..."

"व्हय म्हाराजा!"

हा आवाज कॅमेऱ्याच्या मागून आला. बघायला जमलेली सगळी वाडी एकदम बोलली होती. डायरेक्टर ओरडली, "कट! कोण उलयलो?" कोण म्हणून सांगणार? मीही होतो त्यात. तिने हात जोडून समजावलं, गोष्टीतला म्हातारा एकटा आहे, त्याला उत्तर देणारं कोणी उरलेलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, चुकलं म्हणाले. पुन्हा कॅमेरा, पुन्हा "दिलाव", पुन्हा "व्हय म्हाराजा!" काही मुद्दाम नव्हतं हो. शिंक आवरत नाही तसं ते आवरत नाही. मग बायाबापड्यांनी तोंडाला पदर लावले, पुरुषांनी पंचे. पंच्यातून आलं. मग सगळ्यांना पार काजूच्या बागेत नेऊन बसवलं. तिथून तर दुप्पट जोराने आलं, कारण लांबून म्हणायचं म्हणजे आवाज चढवायलाच हवा. शेवटी वाडीला टेम्पोत घालून कुडाळच्या बाजाराला धाडलं. मला शहाणा समजून ठेवून घेतलं. आता स्मशानशांतता. व्याही बोलले, वाक्य संपलं, आणि काठावरून एकच आवाज आला, "व्हय म्हाराजा." कानाला डबडी लावून आवाज टिपणारा जो माणूस होता, तोच बोलला होता. तो सावंतवाडीचा निघाला.

त्यानंतर एकदाचं झालं. त्या माणसाने दात आवळले, मी रुमाल चावला. व्याह्यांनी मागितलं ते असं: "आमच्या लेकी आमी पलतडी दिलाव, त्यांच्यो आमच्याकडे इल्यो. जी कोण थंय म्हातारी झाली, जेच्या पायात बळ रवला नाय, तेका सांभाळ रे म्हाराजा." आणि ते थांबले. होकारासाठी थांबले, सवयीने. कोणी बोललं नाही. खाडीचं पाणी तेवढं वाजत होतं. त्यांनी मान किंचित कलती केली, वाट पाहिली, आणि मग हळूच खाली बघितलं. डायरेक्टरच्या डोळ्यात पाणी. म्हणाली, हाच माझा सिनेमा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. व्याही तडक घरी आले आणि जेवले नाहीत.

"गाराना उघडा रवला, व्याह्यानू," ते मला म्हणाले. मी म्हटलं, अहो, सिनेमाच तो. पण त्यांना ते पटेना. त्यांनी त्या काठावर खरंखुरं मागितलं होतं आणि ते कोणासाठी मागितलं होतं हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आणि नेमकं वैशाखात बाय पेडण्याला अंगणात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. मग तर विचारूच नका. आम्ही घरात गोळा होऊन "व्हय म्हाराजा" म्हणायला तयार झालो. ते म्हणाले, चालणार नाही, ते गाऱ्हाणं जिथे ऐकू येईल तिथेच होकार मिळायला हवा. तुम्हीच म्हणा की, असं लेक म्हणाली, तर उसळले, "घालणारान आपणच व्हय म्हणूचा? मगे देव कित्याक व्हयो?" शेवटी सिनेमात तेवढा होकार घालावा म्हणून माझ्याकडून डायरेक्टरला फोन करवला. ती बिचारी फार चांगलं बोलली, पण त्या शांततेवर तिचा सगळा सिनेमा उभा होता. व्याह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "बरा तर, बाय. तुझा काम तुका म्हायत. आमी कोण तोंड उघडूचव नाय."

दिवाळीनंतर पणजीच्या थेटरात पहिला खेळ झाला. वाडीने बस केली. चेकनाक्यावर या खेपेला व्याह्यांनी काही विचारलं नाही. बसमध्ये उभे राहून त्यांनी सगळ्यांना बजावलं, "गाराना इला काय जीभ चावून बसाचा. सिनेमावाल्या बायक शब्द दिलंय." थेटरात गोव्याची बडी माणसं, पत्रकार, मधेच आमची वाडी पदर सावरत. बायला तिच्या मुलाने पेडण्याहून चाकाच्या खुर्चीत बसवून आणलं होतं. खुर्चीसाठी कडेची मोकळी जागा दिली होती, आमच्यापासून लांब. सिनेमा सुरू झाला. कोकणीत विनोद झाला की गोवेकर हसत, मालवणीत झाला की आम्ही, आणि हळूहळू सगळे एकदमच हसायला लागले. आणि मग तो काठ आला.

पडद्यावर केवढे मोठे दिसत होते आमचे व्याही! "तेका सांभाळ रे म्हाराजा," ते म्हणाले आणि थांबले. मान कलती केली. आमची सगळी बस श्वास कोंडून बसली होती. माझ्या शेजारी खरे व्याही डोळे मिटून, खुर्चीचा हात धरून बसले होते. माझा जीव नुसता टांगणीला लागला. त्या क्षणी मी सिनेमाला, शब्दाला, कलेला, सगळ्यांना मनात शिव्या घातल्या.

तेव्हा अंधारातून, लांबून, एक म्हातारा चिरका बाईचा आवाज आला. "व्हय म्हाराजा!"

बाय बसमध्ये नव्हती. तिला कोणी बजावलंच नव्हतं. तिच्या पिढीच्या बायका देवळात मागे उभ्या राहायच्या आणि होकार मनातल्या मनात म्हणायच्या. तिने तो अख्ख्या थेटरात म्हटला, भावाला उत्तर द्यायला कोणी नाही हे बघून. पडद्यावरच्या व्याह्यांनी बरोबर त्याच वेळी मान खाली घातली, जणू ऐकलं आणि पावलं. आणि मग पेडण्याची माणसं बोलली, मग मडगावची, म्हापशाची, ज्यांना आम्ही कधी पाहिलं नव्हतं ती सुटाबुटातली माणसं बोलली, आणि शेवटी आमच्या बसने जो आवाज काढला त्याने थेटराचे पत्रे हलले असतील. "व्हय म्हाराजा!" मी रडत होतो, सरळ सांगतो. खेळ संपल्यावर डायरेक्टर धावत आली. व्याह्यांचे हात धरून म्हणाली, "मामा, ती सुवात हांवें मुद्दाम रिती दवरिल्ली, अशें आतां हांव सगळ्यांक सांगतलें!" ती जागा मी मुद्दामच रिकामी ठेवली होती, असं सगळ्यांना सांगणार म्हणे! सांग बाई, खुशाल सांग. पुढे कुडाळला, सावंतवाडीला, फोंड्याला जिथे जिथे सिनेमा लागला तिथे तिथे त्या जागी लोक बोलतात, कोणी शिकवावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्याह्यांच्या पडवीत आम्ही सगळे रेडिओसमोर होतो. बाई "नमस्कार" म्हणाली आणि तिसऱ्याच बातमीत तिने सिनेमाचं सांगितलं, वालावलीचं सांगितलं, आणि आमच्या व्याह्यांचं नाव घेतलं, अगदी आडनावासकट, कोकणी हेल काढून.  व्याह्यांनी उपरण्याने रेडिओवरची धूळ पुसली, जी तिथे नव्हती.

थंडी सरता सरता बाय गेली. झोपेतच गेली, पेडण्याला, आपल्या घरात, पोराबाळांत. तिचे दिवस होईपर्यंत व्याही तिथे राहिले आणि परत आले तेव्हा रेडिओचं तोंड कोणी फिरवलं नाही ना, ते आधी पाहिलं.

परवा वाडीच्या देवळात गाऱ्हाणं होतं. मीही गेलो होतो. आवाज तसाच आहे, खाडीपार जाणारा. पण आता एक नवीनच सुरू झालंय. वाक्य संपतं, आम्ही सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतो, आणि तरी व्याही पुढे जात नाहीत. मान दक्षिणेकडे किंचित कलती करून उभे राहतात. परवा नव्या पुजाऱ्याला वाटलं, म्हातारा विसरला. त्याने हळूच पुढचा शब्द सुचवला. व्याह्यांनी हात वर केला, बैठकीत मला थांबवलं होतं तसाच.

"थांब रे वायच," ते म्हणाले. "पेडण्याचो होकार येवक जरा वेळ लागता."

आम्ही सगळे थांबलो.